दाण्याचे बिस्किट: कुटापासून सादळण्यापर्यंत

दाण्याचे कूट मिक्सरमध्ये आणखी काही मिनिटे फिरत राहिले की आधी त्याचा गोळा होतो, मग गोळा ढिला पडतो आणि शेवटी भांड्यात चकचकीत, ओघळणारा लगदा उरतो. हेच पीनट बटर. भाजलेल्या दाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल आणि पाव हिस्सा प्रथिने असतात. तेल पेशींमध्ये बारीक थेंबांच्या रूपात कोंडलेले असते. कुटात बऱ्याच पेशी शाबूत राहतात, म्हणून ते कोरडे लागते. पेशी फुटत गेल्या की सुटलेल्या तेलात उरलेला चुरा तरंगू लागतो. पीनट बटरचा शोध अमेरिकेच्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरने लावला, ही समजूत चुकीची आहे. मॉन्ट्रिऑलच्या मार्सेलस गिल्मोर एडसनला दाण्याच्या अशा लगद्याचे पेटंट 1884 मध्येच मिळाले होते. कार्व्हरने 1916 मध्ये दाण्यावर पुस्तिका काढली हे मात्र खरे, आणि तिच्यातल्या 105 पाककृतींत दाण्याची बिस्किटेही आहेत.

सर्वांत सोप्या बिस्किटाला मैदा लागतच नाही. एक वाटी पीनट बटर, तेवढीच साखर किंवा बारीक चिरलेला गूळ आणि एक अंडे एवढे पुरते. नानकटाईत तूप आणि मैदा वेगवेगळे घालावे लागतात; इथे स्निग्धांश आणि पीठ ही दोन्ही कामे दाणाच करतो. अंड्यातले पाणी मिसळताच लगदा सैल न होता उलट घट्ट होतो, कारण दाण्यातली प्रथिने आणि पिष्ट पदार्थ ते पाणी शोषून एकमेकांना चिकटतात. भट्टीत अंड्याची प्रथिने गोठतात आणि बिस्किटाला आकार मिळतो. अंडे चालत नसेल तर दोन-तीन चमचे दूध आणि मूठभर कणीक तेच काम करते. हे पीठ आपणहून फारसे पसरत नाही, म्हणून गोळे काट्याने दाबायचे. जाडी सारखी झाली की आतपर्यंत सारखे भाजते. ओव्हनमध्ये 175 अंश सेल्सिअसला दहा-बारा मिनिटे पुरतात. ओव्हन नसेल तर कढईत मिठाचा थर तापवून, त्यावर जाळी ठेवून, झाकण घालून मंद आचेवर जमते.

भाजताना सुटणारा वास आणि येणारा तांबूस रंग ही माइयार अभिक्रियेची करामत. दाण्यातली अमिनो आम्ले आणि साखरेतले काही घटक 140 अंशांच्या आसपास झपाट्याने एकत्र येतात आणि शेकडो नवी संयुगे तयार होतात. भाजल्या दाण्याचा ओळखीचा वास त्यांपैकी पायराझिन गटाचा. चिमूटभर खायचा सोडा घातला की हे काम आणखी वेगाने होते. फ्रेंच डॉक्टर लुई कामिय माइयारने 1912 मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले खरे, पण पुढची कित्येक वर्षे तिचा गुंता उकलला नव्हता. तो सुसंगत टप्प्यांत मांडला जॉन हॉज या कृष्णवर्णीय अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने, 1953 मध्ये, पिओरियाच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत. अन्नरसायनाचे विद्यार्थी आजही त्याचाच आराखडा गिरवतात. अभिक्रियेच्या नावात मात्र हॉज कुठेच नाही.

आता गोड-खारे मिश्रण. पिठात शेवटी खारे दाणे आणि चिक्कीचे तुकडे घातले, तर मीठ सगळीकडे न पसरता जागोजागी राहते, कारण स्निग्ध पिठात ते विरघळायला पुरेसे पाणी नसते. प्रत्येक घासाची चव त्यामुळे वेगळी लागते. मीठ कडूपणाही दाबते. भाजलेल्या दाण्याच्या लाल सालीतला तुरट-कडू अंश मागे पडला की गोडी आपोआप वर येते. याखेरीज मिठाने गोडी वाढण्याची आणखी एक वाट आहे. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहक प्रथिनाच्या खांद्यावरून पेशीत शिरतात, ही कल्पना रॉबर्ट क्रेनने 1960 मध्ये प्राग येथे मांडली. जुलाब झालेल्याला मीठ-साखर-पाणी का तारते, याचे उत्तर तिच्यात आहे. तेच वाहक जिभेवरच्या स्वादपेशींतही सापडतात, आणि मिठाच्या सोबतीने ग्लुकोजची गोडी अधिक जाणवते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

बिस्किट झाले, तरी ते टिकायला हवे, आणि त्याची कसोटी लागते पावसात. नाणेघाटाच्या माथ्यावरचे घाटघर हे जुन्नर तालुक्यातले मुसळधार पावसाचे गाव. तिथे भात आणि नाचणी पिकते. भुईमुगाला मात्र हलकी, निचऱ्याची जमीन लागते, कारण फुलानंतर त्याच्या आऱ्या मातीत शिरून तिथे शेंग धरतात. चिंब जमिनीत त्या सडतात. म्हणून तो तालुक्याच्या कमी पावसाच्या पूर्व भागाला मानवतो. हाच ओलावा बिस्किटालाही भोवतो: पावसाळ्यात घाटघरसारख्या गावात उघड्या ताटलीतले बिस्किट काही तासांतच सादळते. बिस्किटातली साखर भाजल्यावर काचेसारखी कडक होते, आणि कुरकुरीतपणा येतो तो तिच्यामुळे. ओलावा शिरला की ही काच मऊ पडते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 62 टक्क्यांवर गेली की फळसाखर, 75 टक्क्यांवर मीठ आणि 85 टक्क्यांच्या आसपास साधी साखर हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर हे तिन्ही उंबरठे ओलांडले जातात. गुळात फळसाखर असते, म्हणून गुळाचे बिस्किट साखरेच्या बिस्किटाआधी नरम पडते. वर मिठाचे खडे भुरभुरले असतील तर तेही पाझरू लागतात.

उपाय दोन. बिस्किटे पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत, नाहीतर त्यांचीच वाफ डब्यात अडकते. आणि डबा उन्हापासून, चुलीपासून दूर ठेवावा. दाण्याच्या तेलातले असंतृप्त मेद उष्णतेत व उजेडात प्राणवायूशी लवकर संयोग पावून खवट होतात. सादळलेले बिस्किट मंद आचेवर पुन्हा तापवून, गार केले की कुरकुरीत होते. खवट झालेल्याला मात्र इलाज नाही.