उचलण्यापूर्वी थांबा



आंबे उतरवताना फांदी मोडते, नारळावरून हात सुटतो, आणि माणूस खाली येतो. भोवतीचे लोक धावतात. एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो, आणि जखमीला झोळीसारखा उचलून गाडीत घालतात. हेतू चांगला, पण पडताना जे वाचलं होतं, ते कधी कधी या उचलण्यात जातं. ते कसं, हे आपण समजून घेऊ.

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ. तिच्या पोकळीतून, मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. जाडी करंगळीएवढी, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. मेंदूचा हुकूम हातापायांना पोचतो तो यातून, आणि पायात काटा रुतल्याची वर्दी वर जाते तीही यातूनच.

पाट मध्येच फुटला की खालचं रान कोरडं राहतं, वरच्या रानाला पाणी मिळतच असतं. इथंही तसंच. मार मानेत असेल तर हातपाय दोन्ही लुळे पडतात, श्वासही अडखळतो. पाठीत असेल तर हात शाबूत राहतात, पण पाय जातात आणि लघवी-शौचाचा ताबा सुटतो.

मोडलेलं हाड सांधतं. मज्जारज्जूचे तुटलेले धागे मात्र सांधत नाहीत. ते सांधणारं औषध अजून हाती आलेलं नाही. शस्त्रक्रियेनं रज्जूवरचा दाब काढता येतो, सरकलेले मणके पक्के करता येतात, एवढंच. पण पुष्कळदा रज्जू सगळा तुटलेला नसतो, काही धागे शिल्लक असतात. अशा वेळी मान वाकली किंवा कंबर पिळली, तर मोडक्या हाडाची धार त्या उरलेल्या धाग्यांवर चालते.

मग करावं काय? पडलेल्याला बसवू नका, उभं करू नका, उशी देऊ नका, पाणी पाजू नका. श्वास चालू आहे ना, ते पहा. डोकं दोन्ही हातांनी, आहे तसं स्थिर धरा. १०८ क्रमांकाला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबा. उलटी होऊ लागली, तर डोकं, धड आणि पाय एकाच वेळी, ओंडका वळवावा तसे कुशीवर वळवा. हलवणं भागच पडलं, तर चार-पाच जण घ्या. डोकं धरणाऱ्यानं हुकूम द्यायचा, बाकीच्यांनी त्याच बोलावर वळवायचं आणि खाली रुंद फळी किंवा दार सरकवायचं. बाज नको, ती मध्ये खोल जाते. मानेच्या दोन्ही बाजूंना घोंगडीच्या गुंडाळ्या लावा.

पुढची लढाई घरातली असते, बरं का. बधिर कातडीला दुखणं कळत नाही; एकाच कुशीवर पडून राहिल्यानं तिथं जखम होते, ती चिघळते आणि जीवावर बेतते. लघवी तुंबली तर मूत्रपिंडं बिघडतात. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल इथं १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नेम घातला आणि ज्यांची आशा सोडली जाई, असे रुग्ण जगू लागले. १९४८ मध्ये त्यांनी चाकाच्या खुर्चीतल्या रुग्णांच्या तिरंदाजीच्या शर्यती भरवल्या. आजच्या पॅरालिंपिकचं मूळ तिथं आहे.

आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाय गेले म्हणून माणूस संपत नाही, याचा दाखला आणखी कोणता हवा?

गुरुजी, वर्गातल्या मुलांकडून हे वळवणं एकदा करवून घ्या. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की सूर मारू नका, हेही त्यांना बजावा. आणि गावकऱ्यांनो, एवढं ध्यानात असू द्या : मदत बोलवायला उशीर नको, आणि उचलायला घाई नको.