जहाजावरची तबकडी आणि किनाऱ्याचा नियम

२५ जुलै २०२० च्या संध्याकाळी ‘वाकाशिओ’ नावाचे जपानी मालकीचे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळील प्रवाळखडकावर चढले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याची टाकी फुटली आणि सुमारे १००० टन इंधनतेल उथळ समुद्रात पसरले. पुढे चौकशीतून असे दिसले, की किनाऱ्यापासून २२ सागरी मैलांवरून जाण्याचा मूळ बेत बदलून आधी ५ आणि मग २ मैलांवरून जाण्याचे ठरले होते. कारण एवढेच, की खलाशांच्या मोबाइल फोनला किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांशी संपर्क मिळावा.

मोबाइलच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल. ३० मीटर उंच मनोऱ्यावरून क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर येते. (दहावीच्या विद्यार्थ्यांना पायथागोरसच्या प्रमेयाने हा आकडा काढता येईल, पृथ्वीची त्रिज्या ६४०० किलोमीटर धरावी.) त्यापलीकडच्या जहाजाला आकाशातूनच बोलावे लागते. मग उपग्रह असताना ही वेळ का यावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. उपग्रहाशी बोलणे हे दिसते तितके सोपे नाही, आणि त्यातली अडचण जहाजापेक्षा शेजाऱ्यांची जास्त आहे.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात आणि जमिनीवरून पाहता एका जागी स्थिर दिसतात. म्हणून गच्चीवरची दूरदर्शनची तबकडी एकदा पक्की बसवली की काम भागते. पण ती तबकडी फक्त ऐकते. जहाजावरची तबकडी बोलतेही, आणि तिच्या पायाखालची जमीन सतत डुलत असते.

तबकडीतून निघणारा लहरींचा झोत किती रुंद असेल, हे तरंगलांबी आणि तबकडीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. तरंगलांबीला व्यासाने भागून ७० ने गुणले की उत्तर साधारणपणे अंशांत मिळते. १४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी २.१ सेंटीमीटर असते, १.२ मीटर व्यासाच्या तबकडीचा झोत सव्वा अंश रुंद येईल. भूस्थिर कक्षेत मात्र इतकी गर्दी आहे, की एकाच वारंवारतेवर काम करणारे उपग्रह अनेक ठिकाणी एकमेकांपासून जेमतेम दोन अंशांवर आहेत. दोन अंश म्हणजे तेथे सुमारे १५०० किलोमीटर अंतर झाले, पण जहाजावरून पाहणाऱ्याला ते चंद्रबिंबाच्या चौपट रुंदीएवढेच दिसते. लाटेने तबकडी दीड-दोन अंश हलली, तर संदेश शेजारच्या उपग्रहावर पडेल आणि कुणा तिसऱ्याच्याच संभाषणात खरखर होईल. तबकडी लहान केली तर झोत आणखी फैलावतो. म्हणूनच २००३ साली जिनिव्हात झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने जहाजांसाठी किमान व्यास ठरवून दिला (१४ गिगाहर्ट्झला १.२ मीटर, ६ गिगाहर्ट्झला २.४ मीटर) आणि रोख ०.२ अंशापेक्षा जास्त चुकू नये असेही सांगितले.

०.२ अंश म्हणजे किती, हे वर्गात दाखवता येते. दहा मीटरवरच्या भिंतीवर साडेतीन सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि झोपाळ्यावर बसवलेल्या मुलाला लेसरच्या दर्शकाचा ठिपका त्यात धरून ठेवायला सांगा (डोळ्यांवर झोत जाऊ देऊ नये). जहाजावर हे काम जायरोस्कोप आणि मोटारी करतात. जहाज डावीकडे कलले की त्याच क्षणी तबकडी उजवीकडे वळते. एखाद्या मोठ्या लाटेपुढे तेही कमी पडले तर? अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या २००५ च्या नियमांत याचे उत्तर होते: रोख अर्ध्या अंशाहून जास्त चुकला तर एक दशांश सेकंदात प्रक्षेपण बंद करायचे, आणि चूक पुन्हा ०.२ अंशाच्या आत आल्याशिवाय सुरू करायचे नाही. म्हणजे गप्प बसणे हाही यंत्राच्या कामाचाच भाग झाला.

दुसरा शेजारी जमिनीवर आहे. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात डोंगरामाथ्यांवरचे सूक्ष्मलहरींचे मनोरेही एकमेकांशी बोलतात, आणि तबकडीतून थोडी शक्ती आजूबाजूला सांडतेच. म्हणून याच परिषदेने ओहोटीच्या रेषेपासून ६ गिगाहर्ट्झसाठी ३०० आणि १४ गिगाहर्ट्झसाठी १२५ किलोमीटर अंतर ठरवले. त्याच्या आत बोलायचे असेल तर त्या किनाऱ्याच्या देशाची आधी संमती हवी. गंमत अशी, की देशाचा सागरी हद्दीवरचा अधिकार १२ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरवर संपतो. लहरींना हद्द कळत नाही, त्यामुळे रेषा लहरींच्या पोचेवरून आखावी लागली. २०१९ च्या परिषदेने २८ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या नव्या पट्ट्यासाठी हे अंतर ७० किलोमीटरवर आणले. १२ मैलांच्या आतला कारभार ज्याचा त्याचा. भारताने त्यासाठी डिसेंबर २०१८ मध्ये नियम काढले आणि उपग्रहावरून जाणारी बातचीत भारतातल्याच भूकेंद्रातून जावी अशी अट घातली.

सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या थव्यांमुळे आता जहाजांना वेगवान इंटरनेट मिळू लागले आहे. तेथे तबकडी न हलवता, तिच्यावरच्या असंख्य लहान ॲन्टेनांतील लहरी थोड्या पुढेमागे करून झोत वळवतात. शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र तेथेही सुटलेला नाही.

‘वाकाशिओ’वर २० माणसे होती. जहाजाचे नकाशे, हवामान, कंपनीचे निरोप हे सारे भागल्यावर खलाशांच्या वाट्याला किती संपर्क उरतो, हे तंत्रावर नव्हे तर मालकाच्या खर्चाच्या तयारीवर ठरते. कोकणातल्या ज्या घरांतले कोणी ‘बोटीवर’ असते, त्यांना हे सांगायला नको. सागरी कामगार करारातील दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. तिने सामाजिक संपर्काची सोय जहाजावरच्या आवश्यक सुविधांत घातली. इंटरनेट शक्य तेथे द्यावे आणि आकार घेतलाच तर वाजवी असावा, हे मात्र मार्गदर्शनाच्या भागात आहे. मला तो ‘वाजवी’ शब्द फार सैल वाटतो. रोखाच्या चुकीसाठी ०.२ अंशाचा आकडा आहे, तसा येथे कोणताही आकडा नाही.