ब्रेक न दाबताच गिअर पडणारी जुनी ऑटोमॅटिक गाडी चालवताय? मग ही सवय लावून घ्याच

आजकालच्या ऑटोमॅटिक गाडीत बसा आणि ब्रेकवर पाय न ठेवता गिअरचा दांडा 'पी' म्हणजे पार्कमधून बाहेर काढून बघा. निघणार नाही. ब्रेक दाबला की 'टक' असा बारीक आवाज येतो आणि मगच दांडा सुटतो.

पण १९७०-८० च्या दशकातल्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना हे कुलूप नव्हतंच. इंजिन चालू आहे, चुकून धक्का लागला, दांडा थेट 'आर' किंवा 'डी' मध्ये गेला आणि गाडी निघाली. अडवणारं कोणी नाही.

मग हे कुलूप आलं कुठून? तर त्यामागे एक मोठं प्रकरण आहे.

१९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल तक्रारी यायला लागल्या. लोक म्हणायचे, 'आम्ही पार्कमधून गिअर टाकला आणि गाडी सुसाट सुटली. ब्रेक दाबला तरी थांबेना.' नोव्हेंबर १९८६ मध्ये '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने हा विषय घराघरात पोहोचवला. १९८५ साली अमेरिकेत सुमारे ७४ हजार गाड्या विकणारी ऑडी १९९१ पर्यंत १२ हजारांच्या आसपास येऊन ठेपली.

१९८९ मध्ये अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा विभागाचा अहवाल आला. त्यात निघालं काय? गाडी कधीकधी किंचित उसळायची हे खरं, त्याने चालक दचकायचाही. पण गाडी सुसाट सुटायचं मुख्य कारण वेगळंच होतं. चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. गाडी पळाली की तो घाबरून तेच पेडल आणखी जोरात दाबायचा, आणि शपथेवर सांगायचा की मी ब्रेकच दाबत होतो.

अहवाल यायच्या आधीच, १९८७ मध्ये, ऑडीने सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून त्यांना हे कुलूप बसवायला घेतलं होतं. साधा विचार होता. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पडलाच नाही, तर पाय चुकीच्या पेडलवर असताना गाडी सुटणारच नाही.

म्हणजे बघा, हे कुलूप गाडीतला बिघाड दुरुस्त करत नाही. ते फक्त तुमचा पाय योग्य जागी आहे का, हे तपासतं. जुन्या गाडीत ही तपासणी तुम्हालाच करावी लागते.

कशी करायची?

१. बसल्यावर आधी पायाने पेडल चाचपा. डावीकडचं रुंद पेडल ब्रेकचं. ते घट्ट दाबा, मग गाडी सुरू करा.

२. गार इंजिन सुरुवातीला जास्त वेगाने फिरतं, कार्ब्युरेटरच्या गाडीत तर हमखास. अशा वेळी गिअर टाकला की धक्का जोरात बसतो. इंजिनाचा आवाज खाली येईपर्यंत थांबा.

३. ब्रेक दाबलेला ठेवूनच गिअर टाका. दांडा कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. जुना गिअरबॉक्स गिअर धरायला एखादा सेकंद घेतो. हलका झटका जाणवला की हँडब्रेक सोडा, आणि मग ब्रेकवरचा पाय हळूहळू उचला.

४. 'आर' मधून 'डी' मध्ये जाताना गाडी पूर्ण थांबलेली हवी.

५. गाडी लावताना पाय ब्रेकवर ठेवून 'एन' मध्ये या, हँडब्रेक ओढा, मग 'पी' टाका. 'पी' मध्ये गिअरबॉक्सच्या आतली एक छोटी खिटी दातेरी चाकात अडकते. चढावर गाडीचं सगळं वजन त्या खिटीवर टाकू नका, ते हँडब्रेकला पेलू द्या.

आणि तरीही गाडी उसळलीच तर? आणखी जोर लावू नका. ज्या पेडलवर पाय आहे तिथून तो उचला, ब्रेकवर ठेवून पूर्ण दाबा आणि दांडा 'एन' मध्ये ढकला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चावी लावलेल्या अशा गाडीत लहान मुलांना एकटं सोडू नका, अगदी दोन मिनिटांसाठीही नाही. मुलाने खेळता खेळता दांडा ओढला आणि उतारावरची गाडी घरंगळली, असे अपघात झालेले आहेत. म्हणूनच अमेरिकेने २००८ मध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी कायदा केला आणि १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या 'पी' असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांना हे कुलूप सक्तीचं झालं.

आपल्याकडच्या एएमटीवाल्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेक एएमटी गाड्यांत 'पी' नसतोच. त्यामुळे उतरण्याआधी हँडब्रेक ओढायला विसरू नका.

थोडक्यात काय, तर आधी पाय ब्रेकवर, मग हात दांड्यावर. गाडी २० वर्षं जुनी असो वा ४०, हा क्रम कधीही मोडू नका.