छिद्र पडतं, पण बुजतं का?

साबणाच्या फुग्याला कोरडं बोट लावलं की तो फट्कन फुटतो. तेच बोट साबणाच्या पाण्यात बुडवून लावा. बोट आरपार जातं, बाहेर काढलं की फुगा पुन्हा जसाच्या तसा! हा खेळ आपण लहानपणी सगळ्यांनी केलाय. पण ‘पातळ पडद्याला भोक पाडायचं आणि तरी तो फुटू द्यायचा नाही’ हाच खेळ आज जगातल्या प्रयोगशाळांमध्ये चाललाय. फक्त बोटाऐवजी तिथे वीज वापरतात. आणि या खेळाच्या निकालावर सिकलसेलसारख्या आजाराचे उपचार अवलंबून आहेत.

फुगा विजेवर वाढतो

आपल्या प्रत्येक पेशीभोवती लिपिडचा, म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी पडदा असतो. जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर. खऱ्या पेशीत प्रथिनं, साखळ्या, सांगाडा असा सगळा पसारा असतो. त्यामुळे पडद्याचा स्वतःचा स्वभाव कळणं कठीण. म्हणून शास्त्रज्ञ नुसत्या लिपिडचे पोकळ फुगे बनवतात. साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतील एवढे मोठे, दहा ते शंभर मायक्रॉनचे. वीज वाहून नेणाऱ्या काचेवर लिपिडचा थर द्यायचा, पाणी सोडायचं आणि हलकासा एसी करंट लावायचा. काही वेळात फुगे वर येतात. बल्गेरियातल्या संशोधकांनी १९८६ मध्ये ही युक्ती मांडली. ती आजही चालते.

गंमत म्हणजे ज्या विजेवर हा फुगा वाढतो, तीच जोरात दिली की त्याला भोक पडतं. पडद्यावर साधारण एक व्होल्ट आला की खेळ सुरू. एक व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतं, घड्याळातला सेलसुद्धा दीड व्होल्टचा! पण हा एक व्होल्ट पाच नॅनोमीटरवर पडतोय. म्हणजे मीटरला वीस कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मीटरला साधारण तीस लाख व्होल्ट पुरतात. आता कळलं, पडदा का हार मानतो ते?

रस्सीखेच

भोक पडल्यावर दोन बलांची रस्सीखेच होते. भोकाच्या काठावरच्या लिपिडना वाकून उभं राहावं लागतं. ते त्यांना परवडत नाही, म्हणून काठ भोक मिटवायला बघतो. दुसरीकडे पडद्यावरचा ताण आणि वीज भोक रुंदावायला बघतात. भोक लहान असेल तर काठ जिंकतो. एका मर्यादेपलीकडे गेलं की फुग्याचा खेळ खल्लास.

इथे कथेत ट्विस्ट येतो. लिपिडवर विद्युतभार नसेल, तर पल्स थांबल्यावर भोक सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मिटतं. पण पडद्यात ऋण भाराचे लिपिड बरेच मिसळले तर? जर्मनीत पॉट्सडॅमच्या मॅक्स प्लँक संस्थेत रुमियाना दिमोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. तशाच पल्सने असे अनेक फुगे भोक मिटवण्याऐवजी फुटूनच गेले.

कारण आपल्या ओळखीचंच आहे: सजातीय भार एकमेकांना ढकलतात. सपाट पडद्यात या रेणूंची डोकी दाटीवाटीने उभी असतात. काठाच्या वळणावर त्यांना पांगायला जागा मिळते. लोकलमध्ये दाराशी उभं राहिलं की बरं वाटतं ना, तसंच! म्हणजे जो काठ इतरांना नकोसा, तो यांना हवासा. काठाची भोक मिटवण्याची ओढच ढिली पडते. पाण्यात मीठ असेल तर मिठाचे आयन भाराभोवती जमून ही ढकलाढकली कमी करतात.

यात आपलं काय?

१९८२ मध्ये एबरहार्ड न्यूमन यांच्या गटाने विजेच्या पल्सने उंदराच्या पेशींमध्ये जनुक घालून दाखवलं. हेच इलेक्ट्रोपोरेशन. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘कॅसजेव्ही’ या सिकलसेलवरच्या उपचारात तेच वापरतात. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढायच्या, विजेने भोकं पाडायची, क्रिस्परची कात्री आत सोडायची. भोक मिटलं तर पेशी जगते, नाही तर हातची गेली. आणि या पेशी मोजक्याच असतात. शिवाय आपली पेशी ऋण भाराचे लिपिड मुख्यतः पडद्याच्या आतल्या बाजूला ठेवते. म्हणजे भाराचा प्रश्न इथेही आहेच.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या कित्येक घरांना सिकलसेल काय असतो हे सांगावं लागत नाही. अमेरिकेत या उपचाराची किंमत आहे बावीस लाख डॉलर. एका फुग्याच्या अभ्यासाने ती उद्या उतरेल, असं कोणी म्हणणार नाही. पण वाया जाणारी प्रत्येक पेशी वाचवायची, तर भोक कधी मिटतं आणि कधी नाही, हे कळायलाच हवं.

बारावीनंतर ‘फिजिक्स घेऊ की बायो?’ म्हणून डोकं धरून बसला असाल, तर एवढंच लक्षात ठेवा: या भोकाला तो प्रश्न पडलेला नाही. त्याला दोन्ही लागतात.