नऊ महिने आधी कळलेला खर्च

आरोग्यविम्याची पॉलिसी वाचायचीच असेल तर शेवटून वाचावी. काय मिळतं हे एजंट सांगतोच, काय मिळत नाही ते मागच्या पानांवर असतं आणि खरी गंमत तिथे असते. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये या वगळलेल्या गोष्टींना सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखे शब्द आणि क्रमांक ठरवून दिले. त्यात ८व्या क्रमांकावर सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आहे, ९व्यावर साहसी खेळांतली दुखापत, १२व्यावर दारूच्या व्यसनावरचे उपचार. आणि १८व्या क्रमांकावर बाळंतपण.

साधं बाळंतपण, अडलेलं बाळंतपण, सिझेरियन, गर्भपात, सगळं त्या एका कलमात बसवलंय. मात्र त्यातच दोन पळवाटा आहेत. अपघातामुळे गर्भपात झाला तर पैसे मिळतात. आणि गर्भ गर्भाशयाच्या बाहेर, बहुतेक वेळा बीजवाहिनीत रुजला, तरीही मिळतात. बाई तीच, पॉलिसी तीच. तो इवलासा गोळा काही सेंटिमीटर अलीकडे थांबला म्हणून विमा लागू होतो, आणि नीट जागी पोचला असता तर लागू झाला नसता!

हे वाचून आधी संताप येतो. पण विमा मुळात कसा चालतो हे पाहिलं की त्या कलमामागचा हिशेब दिसायला लागतो. विमा अनिश्चिततेवर चालतो. हजार जणांपैकी कुणाचं अपेंडिक्स यंदा फुटणार हे त्या हजारांनाही ठाऊक नसतं आणि कंपनीलाही नसतं, म्हणूनच सगळे थोडे थोडे पैसे घालतात आणि ज्याच्यावर वेळ येते त्याला ते मिळतात. बाळंतपणात ही अनिश्चितताच नाही. रुग्णालयात भरती होण्याच्या सगळ्या कारणांमध्ये तारीख सांगून येणारं असं दुसरं कारण शोधून सापडणार नाही. शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजले की झालं. नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच, पण विमा कंपनीला आठवड्याभराच्या फरकाने काय होतंय?

आता समजा, एखाद्या कंपनीने फक्त बाळंतपणाचा विमा काढला आणि तो कुणीही, कधीही घ्यावा असं ठेवलं. घेणार कोण? ज्यांना मूल हवंय तेच. शंभरातल्या नव्वद जणींचं बाळंतपण वर्षभरात होणार असेल तर हप्ता जवळपास बाळंतपणाच्या बिलाएवढाच ठेवावा लागेल, वर कंपनीचा ऑफिसखर्च. म्हणजे आपलेच पैसे, दुसऱ्याच्या खिशातून, थोडे कमी होऊन परत! म्हणून वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपण घेतलंच तर त्याला प्रतीक्षाकाळ असतो, अनेकदा दोन ते चार वर्षांचा, काही ठिकाणी नऊ महिन्यांचा. हा नऊचा आकडा कुठून आला हे सांगायची गरज नाही. दिवस राहिल्यावर पॉलिसी घ्यायला धावणाऱ्यांसाठी लावलेलं ते कुलूप आहे.

मग नोकरीतल्या ग्रुप इन्शुरन्समध्ये पहिल्या दिवसापासून बाळंतपण कसं काय चालतं? कंपनी काही जास्त दयाळू नसते. माणसं नोकरीला पगारासाठी येतात, मुलासाठी येत नाहीत. त्या गटात पंचविशीचा अविवाहित मुलगा असतो, पन्नाशीचे अकाउंटंट असतात, यंदा बाळंत होणाऱ्या चार-दोनच असतात. खर्च सगळ्यांत पसरतो. तरीही मर्यादा असतेच. पाच लाखांच्या पॉलिसीतसुद्धा बाळंतपणाला पन्नास हजारांसारखा वेगळा आकडा लिहिलेला असतो, आणि घरच्यांना तो डिस्चार्जच्या दिवशी कळतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे: माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याचा खर्च मुलीच्या आईवडिलांचा, ही रीत विम्याच्या कितीतरी आधीची. नवऱ्याची कंपनी पुण्यात, नेटवर्कमधली हॉस्पिटलं पुण्यात, आणि सूनबाई सातव्या महिन्यात लातूरला. तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, यादीत नसलं की कॅशलेस विसरा, बिलं गोळा करा आणि नंतर पाठवा. अळीव आणि डिंकाच्या लाडवांचं बिल अर्थातच कुणी मागत नाही.

बाळंतपणाचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न मुंबईत जवळपास शंभर वर्षांपूर्वी कायदेमंडळात गाजला होता. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाआधी आणि नंतर पगारी विश्रांती मिळावी असं विधेयक १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला, आणि हा भार खरं तर मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा असंही सांगितलं, कारण आई आणि मूल सुखरूप राहण्यात साऱ्या समाजाचं हित आहे. १९२९ चा मुंबईचा कायदा देशातला या प्रकारचा पहिला. त्यात पैसे मात्र मालकाने द्यायचे होते, आणि मालकाने द्यायचे म्हटलं की बायकांना कामावर न घेणं हाच त्याच्यासाठी सोपा हिशेब होऊन बसतो. २०१७ मध्ये प्रसूतीरजा १२ आठवड्यांवरून २६ झाली तेव्हाही रजेचा पगार मालकाच्याच अंगावर पडला आणि तीच भीती पुन्हा बोलली गेली.

या कोंडीतून सुटण्याची युक्ती १९४८ च्या ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कायद्याने आणली, आणि मला ती फार हुशारीची वाटते. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. पुरुष असो, बाई असो, मूल असो वा नसो, दर एकच. ठरलेल्या काळात सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असली की दवाखाना तर आहेच, शिवाय २६ आठवड्यांचा पूर्ण पगार त्या सामायिक निधीतून मिळतो. एका बाईच्या बाळंतपणाने तिच्या मालकाचा दर एक पैशानेही वाढत नाही. मुंबईच्या गिरणमालकाला ही सोय नव्हती.

सरकारी रुग्णालयात तर विम्याचा प्रश्नच उरू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम जून २०११ पासून आहे. प्रसूती फुकट, सिझेरियन फुकट, औषधं, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण, घरून नेणं आणि परत सोडणं, सगळं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी संस्थेतल्या एका बाळंतपणाला घरच्यांच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये गेलेले दिसतात. बाहेरून आणलेली औषधं, सोबतच्या माणसांचं खाणंपिणं, खासगी जीप, आणि मुलगा झाल्याची बातमी आणणाऱ्या मावशींना द्यायची खुशी! ही शेवटची रक्कम मुलगी झाल्यावर कमी का होते, याचं उत्तर कुठल्याही विमाशास्त्रात नाही.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त चक्रावतो. खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने झाली, सरकारीत १४.३ टक्के. कारणं अनेक आहेत, सगळा दोष एकट्या डॉक्टरांवर टाकता येणार नाही. पण विम्याच्या दृष्टीने पाहा: ठरलेल्या तारखेचा, म्हणून विमा न लागणारा हा प्रसंग बिलाच्या बाबतीत शेवटच्या तासापर्यंत उघडाच असतो. नॉर्मल की सिझर, रक्त लागेल की नाही, किती दिवस राहावं लागेल? शिवाय खोली. जनरल वॉर्डात घातलेले टाके आणि डीलक्स खोलीतल्या बाईला घातलेले टाके एकाच हाताने, एकाच धाग्याने घातलेले असले तरी अनेक खासगी रुग्णालयांत सर्जनची फी खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलते. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की विमा कंपनीही त्याच प्रमाणात इतर खर्चाला कात्री लावते.

जपानने ही निश्चित-अनिश्चिताची रेषा फार काटेकोर आखली. तिथे सरकारी विमा सगळ्यांना आहे, पण साधं बाळंतपण त्यात बसत आलेलं नाही. का, तर तो आजार नाही. सिझेरियन बसतं, कारण ते उपचार. साध्या बाळंतपणासाठी मग एकरकमी पैसे देतात: १९९४ मध्ये ३ लाख येन, २००९ पासून ४ लाख २० हजार, एप्रिल २०२३ पासून ५ लाख. रक्कम वाढत गेली तसे रुग्णालयांचे दरही वाढत गेले, आणि सरासरी खर्च आता ५ लाखांच्याही वर आहे. अमेरिकेत उलट. २०१० च्या कायद्याने २०१४ पासून वैयक्तिक पॉलिसीतही बाळंतपण सक्तीचं केलं, आणि पुरुषांनी त्याचे पैसे का भरायचे असा सवाल तिथल्या संसदेत विचारला गेला. तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या विम्यातल्या बायकांचा बाळंतपणाचा एकूण खर्च सरासरी १८,८६५ डॉलर, त्यातले २,८५४ त्यांनी स्वतः भरले, असं पीटरसन सेंटर आणि केएफएफ या तिथल्या आरोग्य-अभ्यास संस्थांच्या २०२२ च्या विश्लेषणात आहे.

आपल्या पॉलिसीत मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो मात्र जन्माचा क्षण. एका विमाधारकाची दोन माणसं होतात, आणि दुसऱ्याचं नाव कुठेच नसतं. त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. जगात दहातलं साधारण एक बाळ वेळेआधी येतं, त्याला पेटीत ठेवावं लागलं तर मोठं बिल आईचं नसतं, त्याचं असतं. विमा ज्यासाठी काढावा अशी खरी अनिश्चितता इथे आहे. ग्रुप पॉलिसीत बहुधा ते पहिल्या दिवसापासून धरलं जातं. वैयक्तिक पॉलिसीत, बाळंतपणाचं कलम घेतलेलं नसेल तर, पुष्कळदा नव्वद दिवस उलटल्यावर. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार वर्षभर फुकट. खासगीत जाणार असाल तर बाळंतपणाला किती मिळतील याच्या आधी बाळाचं नाव कोणत्या दिवसापासून चढतं ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.