उष्मांकांचा जमाखर्च

पहाटे उठून टेकडी चढणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा तालमींत घाम गाळणाऱ्या माणसाच्या मनांत केव्हांतरी एक प्रश्न उभा राहतोच : एवढा व्यायाम करूनही पोट कां उतरत नाहीं? मग घरांत एक वही येते, अलीकडे तर हातांतला मोबाईलच वहीचें काम करूं लागतो. आणि भाकरी, भात, तूप यांच्यापुढें आंकडे मांडले जाऊं लागतात. उष्मांकांचा, म्हणजेच कॅलरींचा, हा जमाखर्च व्यायामी माणसाच्या कितपत उपयोगी पडतो?

एक किलोग्रॅम पाणी एका अंशानें तापविण्यास जी उष्णता लागते तिला आहारशास्त्रांत एक उष्मांक म्हणतात. पिष्टमय पदार्थ व प्रथिनें यांच्या एका ग्रॅमपासून सुमारें ४, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून सुमारें ९ उष्मांक मिळतात. हीं प्रमाणें अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनीं १९ व्या शतकाच्या अखेरीस रूढ केलीं. खोलीएवढ्या एका बंद यंत्रांत माणसाला कांहीं दिवस ठेवून त्याच्या अंगांतून निघणारी उष्णता त्यांनीं मोजली. अन्नांतून मिळालेल्या शक्तीशीं ती जवळजवळ तंतोतंत जुळली. तेव्हां जमेहून खर्च अधिक झाला कीं शरीरांतील शिल्लक घटते, या नियमाविषयीं वाद नाहीं. घोळ होतो तो घरच्या चोपडींत.

फोडणी देतांना तेल मोजतो कोण? एका मोठ्या चमच्यांत सुमारें १४ ग्रॅम तेल मावतें. तेवढ्याचेच १२० उष्मांक होतात. पोळीवर सोडलेली तुपाची धार तर वहींत क्वचितच चढते. ‘थोडेंच खातों, तरी वजन उतरत नाहीं’ असें सांगणाऱ्या कांहीं स्थूल व्यक्तींची अमेरिकेंत तपासणी झाली. तिचा अहवाल १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या नोंदीप्रमाणें रोजचा आहार सुमारें हजार उष्मांकांचा होता. प्रत्यक्षांत तो दोन हजारांवर भरला. यास लबाडी म्हणावें असेंही नाहीं. येतां-जातां तोंडांत टाकलेले चार शेंगदाणे कोणाला आठवतात?

खर्चाची बाजू याहून निसरडी. सत्तर किलो वजनाचा मनुष्य ताशीं ५ किलोमीटर वेगानें तासभर चालला तर साधारण २५० उष्मांक खर्च करतो. पण तो तास खुर्चींत बसून काढला असता तरी ७०-८० खर्च झालेच असते. राहतात पावणेदोनशें, ते एका बटाटेवड्यानें जवळपास भरून निघतात. मनगटावर बांधावयाच्या सात यंत्रांची परीक्षा कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठानें २०१७ सालीं प्रसिद्ध केली. नाडीचे ठोके बहुतेकांनीं बरे मोजले; उष्मांकांच्या बाबतींत मात्र त्यांतल्या उत्तम यंत्राचीही चूक सरासरी २७ टक्के निघाली. असल्या आंकड्याच्या भरंवशावर जिलबीचें आणखी एक वेटोळें उचलणारे गृहस्थ कांहीं थोडे नाहींत!

व्यायामपटूची खरी फसगत मात्र वजनकांट्यावर होते. अमेरिकन आरमारांतील डॉक्टर ॲल्बर्ट बेन्की व त्यांचे सहकारी यांनीं २५ धंदेवाईक फुटबॉलपटूंना पाण्याखालीं तोलून पाहिलें व १९४२ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. उंची-वजनाच्या रूढ कोष्टकाप्रमाणें त्यांपैकीं १७ गडी लष्करी सेवेस अपात्र ठरावे इतके जड होते. पण मेद पाण्याहून हलका असतो. स्नायु व हाडें जड असतात. पाण्याखालीं केलेल्या तोलानें या धिप्पाड गड्यांचीं शरीरें दाट, म्हणजे अल्प मेदाचीं, असल्याचें उघड झालें. कोष्टकानें ज्याला स्थूलपणा ठरविलें असतें तें बहुतांशीं स्नायूंचें वजन होतें.

हेंच लहान प्रमाणावर घरोघरीं घडतें. वजनें उचलण्यास नवीनच आरंभ केलेल्या तरुणाचा कांटा महिनाभर जागचा हलत नाहीं, पण पट्टा एक भोक आंत येतो. वहीवर विसंबणारा निराश होऊन आहार आणखी तोडतो, आणि मेदाबरोबर कमावलेला स्नायूही गमावतो. मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटीं ठेवून आठवड्यास २२ मैल चालविलें होतें. त्यांचें वजन चतुर्थांशाच्या आसपास उतरलें. परंतु त्यांत स्नायूही झिजले, अंगांतील ऊब गेली, आणि मन अहोरात्र अन्नांतच घुटमळूं लागलें.

मग वही फेंकून द्यावी काय? मुळींच नाहीं. दोन-तीन आठवडे तेलाचा चमचा मोजून प्रामाणिक नोंद ठेवली, तर कोणत्या पदार्थानें गुपचूप भर घातली तें कळतें. एरवीं तें कळण्यास दुसरा सोपा मार्ग नाहीं. मात्र वहीचा पडताळा शरीरावरच घ्यावा. खारट जेवणानें एका रात्रींत किलोभर पाणी अंगांत सांठूं शकतें, म्हणून रोजच्या वजनावर न जातां आठवड्याची सरासरी पाहावी व कंबरेला फीत लावावी. तीन-चार आठवड्यांत दोहोंतही फरक न पडला, तर वहींतील बेरीज कितीही सुबक असो, रोजचे दोन-तीनशें उष्मांक कमी करावे. तेही तेल-साखरेंतून, डाळ, दूध किंवा अंडीं यांतून नव्हे. आणि धावण्याचा सराव करणाऱ्या मुलीची मासिक पाळी चुकूं लागली, किंवा तिचीं हाडें वरचेवर दुखावूं लागलीं, तर त्याच दिवशीं वही मिटून तिला डॉक्टरांकडे न्यावें.