उत्तराखालचा मजकूर हीसुद्धा अमानत

आमच्या जमातीच्या शिक्षण समितीत आम्ही सात जण आहोत. मदतीचे अर्ज ईमेलने येतात, चर्चाही ईमेलवरच होते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी अर्ज आला. तिच्या आईने सगळे मोकळेपणाने लिहिले होते: पतीचा आजार, डोक्यावरचे कर्ज, गहाण पडलेल्या बांगड्या. चर्चा झाली. शेवटी मी 'रक्कम मंजूर' एवढेच उत्तर लिहिले आणि माहितीसाठी देणगीदारांच्या गटाचा पत्ताही त्यात जोडला. त्या दोन शब्दांखाली आईचे पूर्ण पत्र तसेच होते. ते चाळीस घरांत पोहोचले. काही घरे तर तिच्याच मोहल्ल्यातली.

ती मला काही बोलली नाही. पुढच्या वर्षी मात्र तिचा अर्ज आला नाही.

एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताला कळू नये, मजलिसमध्ये झालेले बोलणे अमानत समजावे, ही आपली शिकवण. ती ईमेललाही लागू आहे.

उत्तर लिहायला घेतले की मागचा मजकूर आपोआप खाली जोडला जातो. मोबाइलवर जीमेलमध्ये तो तीन ठिपक्यांमागे दडलेला असतो. आपल्याला दिसत नाही, पण समोरच्याला जातो. म्हणून पाठवण्यापूर्वी ते ठिपके दाबा, मजकूर उघडा आणि नको तो भाग काढा. इंटरनेटवरील शिष्टाचाराची 'आरएफसी १८५५' ही नियमावली १९९५ साली निघाली. संदर्भ समजेल एवढाच मूळ मजकूर ठेवावा, असा सल्ला तिच्यातही आहे.

काय ठेवावे? ज्या वाक्याला उत्तर देतो ते वाक्य आणि लिहिणाऱ्याचे नाव. सगळेच काढून नुसते 'हो, चालेल' लिहिले, तर कशाला चालेल हे गटाला कळत नाही.

काय काढावे? जुनी उत्तरे, सह्या, फोन नंबर, घरगुती आणि पैशांचा तपशील.

कापताना अर्थ मात्र बदलू नये. 'मदत द्यावी, पण फीची पावती पाहून' यातले 'मदत द्यावी' एवढेच ठेवले, तर दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घातल्यासारखे होते.

नव्या लोकांना कळवायचे असेल, तर जुन्या मेलला उत्तर न देता नवा मेल लिहावा. फॉरवर्ड करताना अधिक जपावे, कारण जोडलेल्या फायलीही सोबत जातात. जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. त्यानंतर तो आपल्या हातात राहत नाही.

आता आमच्या समितीत अर्जदाराचे नाव चर्चेत येत नाही, फक्त क्रमांक येतो. देणगीदारांना वेगळा मेल जातो. मी त्या आईच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने चहा केला, माफही केले. पण चाळीस घरांत गेलेले ते पत्र मला परत आणता आले नाही.